‘आज नको’ म्हणायचं कोणी?

किनाऱ्यावर दुर्घटना झाली की पहिला प्रश्न लाइफ जॅकेटचा येतो. जॅकेटं होती का, घातली होती का, बोटीत माणसं किती होती, परवाना कुणाच्या नावावर होता. आठ-दहा दिवस बंदर खात्याची माणसं जेटीवर फिरतात, कागद बघतात, चार बोटी बांधून ठेवतात, तहसीलदारांकडे बैठक होते. मग जोडून सुट्ट्या येतात आणि सगळं पहिल्यासारखं सुरू होतं. या चौकशांमध्ये एक प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. त्या दिवशी, त्या वाऱ्यात, त्या माणसांना घेऊन पाण्यात जायचं हे ठरवलं कोणी?

१ फेब्रुवारी २०१६ ला रायगडातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या कॉलेजच्या गटातले ८ जण गेले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. पहिल्या दोन घटनांत बोट नव्हती, तिकीट नव्हतं, कुणाचा धंदा नव्हता. शिक्षकांबरोबर आलेली सहल होती. तिसरी घटना सरळ पर्यटनाच्या धंद्यातली. प्रत्येक घटनेची कारणं वेगळी असणार, ती पोलिसांनी आणि कोर्टांनी शोधावीत. पण पाण्याकडे बघून गटाला थांबवणारा, आणि त्याने थांबवलं तर ज्याचं सगळे मुकाट्याने ऐकतील असा माणूस आपल्या किनाऱ्यावर कुठे उभा असतो, हे मला अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सांगता येत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या काळात नागाव-काशिदला बनाना बोटी आल्या, दापोलीजवळ हर्णै-मुरूडला आणि गुहागरला डॉल्फिन दाखवणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या, मालवणात स्नॉर्केलिंग आणि स्कूबा आलं, देवबागच्या संगमावर जेट-स्कीची गर्दी झाली. हजारो घरं यावर चालतात. पाण्यात प्रत्यक्ष उतरणारी पोरं बहुतेक विशी-पंचविशीतली, बरीचशी मासेमारीच्या घरांतली. आपण त्यांना ‘स्कूबावाला’, ‘बोटवाला पोरगा’ म्हणतो. अनोळखी माणसांचा जीव दिवसभर ज्यांच्या हातात असतो त्यांना आपल्याकडे धड पदनामसुद्धा नाही, आणि पदच नाही तिथे बढती कुठून येणार?

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवरचे, हवेतले आणि पाण्यातले उपक्रम त्यात आले, व्यावसायिकांना नोंदणी आली. बोटींसाठी मेरीटाइम बोर्ड आहे, सर्व्हे आहे, प्रवासीसंख्येची मर्यादा आहे. या सगळ्याची गरज आहे आणि त्याची अंमलबजावणी आज आहे त्याहून कडक व्हायला हवी, यात वाद नाही. पण वस्तू मोजणं सोपं, म्हणून तपासणी वस्तूंची होते. जॅकेटं किती, रिंग किती, अग्निशामक नळकांडं भरलेलं आहे का. माणसाच्या बाबतीत एक प्रमाणपत्र मागितलं जातं आणि त्याची झेरॉक्स फाइलला लागते. त्या प्रमाणपत्रवाल्या माणसाला त्या बोटीवर निर्णयाचा अधिकार आहे का, हे विचारणारा रकाना कुठल्याही फॉर्मवर नसतो.

आता जेटीवरची एक सकाळ बघा. हे दृश्य सीझनमध्ये कुणालाही दिसेल, त्यासाठी ओळख लागत नाही. साडेनऊ वाजलेत, वारा फिरायला लागलाय, पाण्याचा रंग हिरवटावरून मातकट व्हायला लागलाय. डायव्हर पोरगा सिलिंडर मांडता मांडता म्हणतो, “दादा, वारो फिरलो हा. खाली कायच दिसाचा नाय.” दादा म्हणजे बुकिंग घेणारा. त्याच्या हातात पावती पुस्तक आहे, दोन फोन आहेत, आणि मागे बारा जणांचा ग्रुप मोबाइल प्लास्टिकच्या पाकिटात घालून तयार उभा आहे. “पुण्यासून इलेत, पैसे घेवन ठेवलंय. एक फेरी मारून ये.” ग्रुपमधले काका पुढे येऊन सांगतात की आम्ही रात्रभर गाडी चालवून आलोय, दुपारी निघायचंय. पोरगा खांदे उडवतो आणि सिलिंडर बोटीत टाकतो. एकाच्या जॅकेटचं बक्कल तुटलंय, तिथे नायलॉनच्या दोरीची गाठ मारली जाते. बोट जाते. तासाभराने परत येते. कुणाला काही झालेलं नसतं, व्हिडिओत धूर भरल्यासारखं पाणी आणि पावाच्या तुकड्यावर जमलेले चार मासे दिसतात. सगळे खूश.

बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि घोळ नेमका तिथे आहे. चुकीचा निर्णय निभावला की तो पुढच्या वेळचा नियम बनतो. गेल्या आठवड्यात याच वाऱ्यात गेलो होतो, काय झालं? असं करत करत ‘चालतंय’ची रेषा दर सीझनला थोडी पुढे सरकते. ज्याला ती सरकताना दिसते तो पोरगा सगळ्यांत खालच्या पायरीवर आहे. त्याला माणशी पैसे मिळतात. नाही गेला तर त्याचा रोज बुडतो, उद्या त्याच्या जागी दुसरा येतो, आणि मालकाने त्याचं ऐकलंच तरी शेजारची बोट तेच गिऱ्हाईक उचलते. हॉटेलवाला, रिक्षावाला, किनाऱ्यावरचा एजंट यांचं कमिशन बोट सुटली की पक्कं होतं. यांतल्या कुणाच्याही अंगाला पाणी लागत नाही.

गंमत अशी की नेतृत्व म्हणजे काय हे या किनाऱ्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. मासेमारीच्या बोटीवर तांडेल असतो. बोटीचा मालक कितीही मोठा असो, पाण्यात तांडेलाचा शब्द शेवटचा. उधाण आहे की भांग (भरती-ओहोटी मोठी की लहान), मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा कधी पडेल, खाडीच्या तोंडावर लाट कशी फुटतेय, हे बघून जायचं की नाही ते तो ठरवतो. खलाशाला ते पटलं नाही तरी तो वल्हं हातात घेतो किंवा खाली ठेवतो. या अधिकाराला हिशेबाचा आधार होता. मिळकतीची वाटणी होत असल्याने बोट गेली नाही तर सगळ्यांचंच बुडायचं, आणि गेली तर सगळेच पाण्यात असायचे. निर्णय घेणारा आणि भोगणारा एकाच फळीवर बसलेले असायचे.

त्याच घरातली बोट पर्यटकांना घेऊन निघाली आणि तांडेल ड्रायव्हर झाला. गाडी कधी सुटायची हे ड्रायव्हर ठरवत नाही, तसं त्याचंही झालं. पर्यटनाने कोकणाला पैसा दिला हे खरंच आहे, पण किनाऱ्यावर शेकडो वर्षांत घडलेली एक व्यवस्था त्याने आतून पोकळ केली, आणि त्याबद्दल कुठल्याही पर्यटन महोत्सवात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. व्यासपीठावरून ‘स्थानिकांना रोजगार’ एवढंच येतं. रोजगार आला, पण हुकूम गेला.

इथे एक किस्सा बाहेरचा सांगतो, कारण तो जवळजवळ कायद्याच्या पुस्तकातला आहे. २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे प्लिमथच्या एका शाळेतली आठ मुलं, त्यांचे शिक्षक आणि साहसकेंद्राचे दोन प्रशिक्षक छोट्या कनूंतून निघाले. लाइम रेजिसहून चार्मथपर्यंत, जेमतेम तीनेक किलोमीटर. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. कनू आत आत ओढल्या गेल्या, पाणी भरून बुडाल्या, आणि मदत पोचेपर्यंत तासन्‌तास गेले. चार मुलं मेली. लाइफ जॅकेटं होती. प्रशिक्षकही होते, पण त्यांची स्वतःची पात्रता अगदी प्राथमिक. खटल्यात जे पुढे आलं ते आणखी वाईट होतं. त्या केंद्रात आधी काम करणाऱ्या दोघा प्रशिक्षकांनी काही महिन्यांपूर्वीच नोकरी सोडली होती, आणि इथली सुरक्षेची व्यवस्था सुधारली नाही तर एखादं मूल घरी परत जाणार नाही अशा अर्थाचं पत्र संचालकाला लिहिलं होतं. ते पत्र कोर्टात पुरावा म्हणून आलं. संचालकाला १९९४ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, कंपनीही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली. १९९५ मध्ये संसदेने मुलांच्या साहसकेंद्रांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा केला.

या प्रकरणातला कायदा सगळे सांगतात. मला ते पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. धोका कुणाला दिसला होता? सगळ्यांत खाली काम करणाऱ्यांना. त्यांना तो दिसला, त्यांनी तो लिहूनही दिला, आणि तरी काही झालं नाही, कारण त्यांच्या शब्दाला केंद्रात वजन नव्हतं. आपल्या जेटीवरचा पोरगा पत्र लिहीत नाही. तो “कायच दिसाचा नाय” म्हणतो. पत्राइतकंच ते स्पष्ट आहे.

आणि तो वारा आपलाही आहे. सकाळी मतलई वाहत असते तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं सपाट दिसतं. पर्यटकाला वाटतं, आज समुद्र किती शांत. कयाक किंवा हवेची फुगवलेली नाव त्या शांत पाण्यावरून हलकेच आत सरकत जाते, आणि परत फिरायचं म्हटलं की तोंडावर वारा. हे मासेमाराच्या पोराला सांगावं लागत नाही. पण भाड्याने कयाक देणारा आज प्रत्येक जण मासेमाराचा पोर नसतो.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायला हवं. प्रशिक्षणाचा विषय काढला की किनाऱ्यावर ठरलेलं उत्तर मिळतं : “आमचो जल्म दर्यात गेलो, आमकां कोण शिकवतलो?” या उत्तरात अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण दर्या ओळखणं आणि माणूस सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. तांडेलाबरोबर जाणारे खलाशी समुद्राला सरावलेले असत. पर्यटकांच्या बोटीत रात्रभर न झोपलेला, सकाळी मिसळ खाल्लेला, पोहता न येणारा, दम्याचा पंप पिशवीत विसरलेला माणूस असतो, आणि तो हे काहीच सांगत नाही. त्याला विचारायचं कसं, त्याच्या चेहऱ्यावर भीती चढतेय हे मास्कच्या काचेतून ओळखायचं कसं, ग्रुपसमोर त्याची लाज न काढता त्याला वर आणायचं कसं, हे दर्या शिकवत नाही.

स्कूबाचंच घ्या. “फक्त पंधरा फूट तर जातो,” असं अगदी खात्रीने सांगितलं जातं, जणू खोली कमी म्हणजे धोका कमी. दाबाचं गणित निराळं आहे. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, म्हणजे प्रमाणाने पाहिलं तर सगळ्यांत मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच होतो. पाच मीटरवर पूर्ण श्वास भरून घाबरलेल्या माणसाने श्वास रोखला आणि तो झपकन वर आला, तर त्याच्या फुप्फुसातली हवा दीडपट व्हायला बघते. फुप्फुस फाटायला एवढं पुरतं, त्याहून कमीही पुरतं. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम श्वास कधीही रोखायचा नाही, हा. हा नियम किती पर्यटकांना पाण्यात उतरण्याआधी, समजेल अशा भाषेत सांगितला जातो? आरोग्याचा जो फॉर्म भरून घेतात तो बरेचदा इंग्रजीत असतो, आणि लोक त्यावर कुरिअरच्या पावतीवर करावी तशी सही करतात. टाकीत काय आहे म्हणून विचारलं तर अजूनही ‘ऑक्सिजन’ असं उत्तर मिळतं. टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते. पोराला हे ठाऊक नसेल तर दोष त्याचा नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही.

बुडणाऱ्याला बाहेर काढल्यावर काय करतात तेही बघा. पोट दाबून पाणी काढणं, पालथं घालणं, पाय धरून उलटं करणं हे प्रकार अजून चालतात, आणि त्यांत मौल्यवान मिनिटं जातात. बुडालेल्या माणसाचं हृदय प्राणवायू न मिळाल्याने थांबतं, म्हणून त्याला आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात आणि त्याबरोबर छाती दाबावी लागते. टीव्हीवर पाहून नुसती छाती दाबणं इथे पुरत नाही. हे शिकायला पुतळा लागतो, शिकवणारा लागतो आणि दर वर्षी उजळणी लागते, कारण सहा महिन्यांत हात विसरतात.

म्हणजे माझं म्हणणं असं, की अधिकाराशिवाय ज्ञान लुळं आहे आणि ज्ञानाशिवाय अधिकार धोक्याचा. गाइडला ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार हवा, आणि तो का म्हणतो हे त्याला स्वतःला आणि समोरच्याला सांगता यायला हवं. जगात या क्षेत्राने हाच रस्ता घेतला. आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्ही या किनाऱ्यावरच्या गावी निघाली, ती युद्धात बोटी बुडाल्यावर तरुण खलाशांनी तग धरावा या काळजीतून. अमेरिकेत पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने १९६५ मध्ये नॉल्स ही शाळा काढली, कारण लोकांना रानात नेणारे खूप होते आणि नेतृत्व शिकलेले थोडे. आपल्याकडे डोंगरात हे काही प्रमाणात रुजलं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्थाही १९६५ चीच. बेसिक, ॲडव्हान्स, मग शिकवण्याचं शिक्षण, ही पायऱ्यांची भाषा सह्याद्रीत फिरणाऱ्याला तोंडपाठ असते. क्लबमध्ये वर्षानुवर्षं दोर वाहिल्याशिवाय कुणी लीडर होत नसे. (सध्या शनिवारी रात्री पन्नास जणांच्या बसेस भरणारे लीडर कुठून येतात, तो वेगळा आणि संतापाचा विषय.) समुद्राच्या बाजूला अशी परंपरा पर्यटनात आलीच नाही. तांडेलाची होती, ती आपण खाली उतरवली.

संस्था आहेत. तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे बोट चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे अभ्यासक्रम होतात. अडचण अशी की मोठ्या अभ्यासक्रमांचा खर्च देवबागच्या पोराला झेपत नाही, आणि आंतरराष्ट्रीय पुस्तकं इंग्रजीत. नुसती अट घातली की पुण्या-मुंबईचा कागदवाला येतो आणि दर्या ओळखणारा त्याचा हमाल बनतो. ‘प्रमाणपत्र सक्तीचं करा’ एवढंच म्हणणाऱ्यांनी या टोकाचा विचार केलेला नसतो. पायऱ्या हव्यात, पण त्या इथल्या माणसाला चढता येतील अशा, मराठीत, आणि त्याला जे आधीच येतं त्याचे गुण देणाऱ्या. वारा आणि भरती ओळखण्याची परीक्षा खुशाल एखाद्या सत्तर वर्षांच्या तांडेलाने घ्यावी. श्वासाचं आणि दाबाचं डायव्हिंग प्रशिक्षकाने, छाती दाबण्याचं ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने.

वेळेचं कारण कुणी देऊ नये. मेच्या अखेरीस जलपर्यटन बंद होतं ते ऑगस्ट संपेपर्यंत. तीन महिने बोटी वर ओढलेल्या असतात, त्यांवर झाप घातलेले असतात. याच दिवसांत इंजिन उतरवून धुतात, फळ्या बदलतात, रंग काढतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बोट नवी दिसायला लागते. बोटीवरच्या माणसाची डागडुजी कुणी करत नाही, तो तीन महिने हात बांधून किंवा दुसऱ्याच्या बागेत मजुरीला. पावसाळ्यातला एक महिना भत्ता देऊन त्याला बसवा. गेल्या सीझनला कुठे थोडक्यात वाचलो, कुणाचा मास्क सुटला, कोणती बोट लाटेवर आडवी झाली, यावर त्यांनी एकमेकांत मोकळेपणाने बोलावं, कुणावर ठपका न ठेवता. अपघाताची चौकशी सरकार करतं. थोडक्यात टळलेल्या अपघातांतून शिकणं धंद्यातल्या लोकांनाच करावं लागतं, आणि त्या शिकण्याला पैसे पडत नाहीत.

‘आज नको’ची अडचण मात्र एकट्याने सुटणारी नाही. एकाने बोट थांबवली तर दुसरा जातो, म्हणून थांबायचं ते सगळ्यांनी एकदम. प्रत्येक किनाऱ्यावर रोज एक जण, पाळीने, अनुभवी आणि शिकलेला, सकाळी सात वाजता आणि पुन्हा दुपारी पाणी बघेल आणि बावटा लावेल. लाल म्हणजे सगळ्या बोटी बंद, मग त्यात त्याच्या भावाचीही आली. त्या दिवशी खलाशांना आणि डायव्हरना अर्धा रोज मिळेल, तो प्रत्येक तिकिटामागे बाजूला काढलेल्या पैशांतून. यात अशक्य काही नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवायची हे याच गावांनी पत्करलं आहे. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, पाळ्या लावणाऱ्यांना बावट्याची पाळी लावता येत नाही यावर माझा विश्वास बसणार नाही.

तिकीट महागेल आणि गिऱ्हाईक गोव्याला जाईल, ही भीती दर बैठकीत बोलली जाते. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था चालवली आहे. जीवरक्षक दिसतो म्हणून गोव्याचं गिऱ्हाईक पळून गेलेलं कुणी पाहिलंय का? उलट मुलाबाळांना घेऊन येणारं कुटुंब जिथे शिट्टी वाजवणारा माणूस असतो तिथे जास्त वेळ थांबतं. आणि जे गिऱ्हाईक फक्त दोनशे रुपये स्वस्त म्हणून येतं ते कायमचं नसतंच, पुढच्या वर्षी आणखी दोनशे स्वस्त जागा शोधून तिकडे जातं.

जाणकार माणसाभोवती उभा राहिलेला धंदा बघायचा तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जावं. स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका तिथे हाताने वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात. २०१७ पासून हे चालू आहे. त्यांच्या नावेला इंजिनाचा आवाज नाही, घाई नाही, आणि वल्हवणारी बाईच झाडं, पक्षी, खेकडे दाखवत बोलत असते. नाव तिची, माहिती तिची, आणि गटाचा निर्णय गटाचा. मधे एजंट घुसायला जागा कमी. जॅकेट नीट बांधल्याशिवाय ती नाव हलवत नाही, आणि साहेब म्हणवून घेणारेसुद्धा निमूटपणे बांधतात, कारण सांगणारी मालकीण आहे. ही खाडी आहे, खुला समुद्र नाही, तेव्हा तुलना ताणू नये. पण मालवणच्या डायव्हरला तिच्याइतकं वजन का नाही, हा प्रश्न तरीही उरतो.

त्याला वजन नाही म्हणून तो टिकतही नाही. विशीत पाण्यात उतरतो, तिशीत कान आणि कंबर बोलायला लागतात, लग्नाच्या बोलणीत ‘सीझनचं काम’ म्हणून नाव निघतं, आणि तो गोव्याला, क्रूझवर किंवा मुंबईला जातो. जाताना दहा वर्षांचं पाण्याचं ज्ञान घेऊन जातो, त्याच्या जागी पुन्हा एकोणीस वर्षांचा येतो. गाइड, प्रमुख गाइड, प्रशिक्षक, किनाऱ्याचा सुरक्षाप्रमुख, अशा पायऱ्या असत्या आणि प्रत्येक पायरीला बारमाही पगाराचा काही आकडा असता, तर पस्तिशीचा डायव्हर आज नव्या पोरांना शिकवत असता. १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या मालवणात प्रवाळावर पाय देऊन उभं राहू नका हे पर्यटकाला पटवून सांगायलाही असाच मुरलेला माणूस लागतो.

निवतीजवळ नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प आला आहे, त्यासाठी केंद्राचे कोट्यवधी रुपये मंजूर झाले आहेत. कल्पना वाईट नाही. पण बुडालेल्या जहाजावर डायव्हिंग हे खडकाजवळच्या पंधरा फुटांपेक्षा कितीतरी अवघड काम आहे, आणि तिथे पर्यटकाचा हात धरून कोण जाणार, त्यांना कोण तयार करतंय, याचा आकडा त्या बातम्यांत मला सापडला नाही. जहाजाला निधी मिळतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं.

१ सप्टेंबरला बोटी पुन्हा पाण्यात येतील. बावटा, पाळी आणि तिकिटामागे बाजूला काढायची रक्कम, एवढ्या तीन गोष्टी ठरवायला शासन निर्णय लागत नाही. किनाऱ्यावरच्या व्यावसायिकांची संघटना, ग्रामपंचायत आणि बंदर निरीक्षक यांची गणपतीआधी एक बैठक पुरेल. त्या बैठकीला डायव्हर पोरांना खुर्ची द्यावी, चहा वाटायला उभं करू नये. हॉटेलवाल्यांना आणि बुकिंगवाल्यांनाही बोलवावं लागेल, कारण लाल बावट्याच्या दिवशी पैसे परत द्यायचे आहेत ते त्यांनी. ते येणार नाहीत असा माझा अंदाज आहे, आणि आले नाहीत तर त्यांची नावं हजेरीच्या वहीत गैरहजर म्हणून लिहून ठेवावीत.